विंचवाचे वेत आणि घरचा हिशेब



मागच्या मृगाच्या सुमारास एक बाप आणि त्याचा विशीतला मुलगा पंचायत समितीत माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. मुलाच्या हातात लोणच्याची रिकामी बरणी होती. झाकणाला खिळ्याने भोके पाडलेली आणि आत तीन काळ्याभोर इंगळ्या. बरणी टेबलावर ठेवताच शेजारचे लिपिक खुर्ची मागे सारून उठले.

"साहेब, ह्यांची पैदास करायची म्हणतो. जोडधंदा कसा आहे ते सांगा," मुलगा म्हणाला.

त्याने खिशातून एक छापील कागद काढला. विंचवाच्या दहा जोड्या घ्या, ऐंशी हजार रुपये भरा, दीड वर्षात होतील ती पिल्ले आम्हीच परत विकत घेऊ, विष तर सोन्याहून महाग जाते, असा मजकूर होता. खाली एक मोबाईल नंबर. पत्ता नाही, सही नाही, शिक्का नाही.

मी बापाला विचारले, "पैसे कुठून उभे करणार?"

तो इतका वेळ गप्प होता. आता खाली बघत म्हणाला, "दोन्ही म्हशी काढू म्हणतोय पोरगा."

खरे सांगायचे तर मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. कृषीच्या पदवीला आम्हाला गाय, म्हैस, शेळी, कोंबडी शिकवली. विंचवाचे वेत कोणी शिकवले नव्हते. मी म्हणालो, "आठ दिवस कोणाला एक पैसा देऊ नका. मी वाचून ठेवतो, मग या."

आठ दिवसांनी मुलगा एकटाच आला. तोंड उतरलेले. म्हणाला, "साहेब, एक व्याली. वीसेक पिल्ले होती. आता चार राहिलीत. आईनेच खाल्ली."

त्याच्या बरणीत जे घडले तेच परदेशात विंचू पाळणाऱ्यांच्याही पेटीत घडते. असा कागद उद्या तुमच्याही दारी येऊ शकतो. म्हणून त्या आठ दिवसांत जे वाचले ते सविस्तर सांगतो.

हौसेचे विंचू

अमेरिका, इंग्लंड, जर्मनी अशा देशांत विंचू हौसेने पाळणारे लोक आहेत. आपल्याकडे जसे काचेच्या पेटीत मासे ठेवतात तसे ते विंचू ठेवतात. त्यांच्या विशेष आवडीचा म्हणजे 'सम्राट विंचू'. हा पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया या मुलखातला. नांगीसकट चांगला वीतभर लांब, काळा, चिमटे जाडजूड. आपल्या काळ्या इंगळीचा तो लांबचा भाऊबंद. दिसायला भयंकर, पण विष सौम्य.

आता हा विंचू घरोघरी सहज वाढत असता, तर रानातून पकडण्याची गरजच पडली नसती. प्रत्यक्षात हौशी लोकांसाठी आफ्रिकेच्या रानातून एवढे विंचू उचलले गेले, की १९९५ साली वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात त्याचे नाव घालावे लागले आणि परवान्याशिवाय त्याची ने-आण बंद झाली. श्रीमंत देश, काचेच्या पेट्या, ऊब देणारे दिवे, पुस्तके, सगळे हाताशी असूनही ही वेळ आली. पैदास कुठे अडते ते एकेक करून पाहू.

पहिली अडचण: जोडी जुळणे

बैल आणि गाय लांबूनही ओळखू येतात. विंचवाचे तसे नाही. त्याच्या पोटाखाली, शेवटच्या पायांच्या मागे कंगव्यासारखे दोन अवयव असतात. नराच्या कंगव्याचे दाते मोठे, मादीचे आखूड. नवख्या माणसाला हा फरक कळत नाही आणि लहान पिल्लांत तर जाणत्यालाही चकवतो. म्हणून 'जोडी' म्हणून विकत घेतलेले दोन विंचू पुष्कळदा दोन माद्याच निघतात, किंवा एक वयात आलेला आणि दुसरा अजून पोर, असे असते.

नर-मादी खरेच मिळाले तरी काम संपत नाही. नर मादीचे चिमटे आपल्या चिमट्यांत धरतो आणि तिला पुढे-मागे चालवत फिरवतो. फुगडी घालावी तसे हे चालते, कधी काही मिनिटे, कधी कित्येक तास. या फिरण्यात नर कंगव्याने जमीन चाचपत टणक जागा शोधत असतो. जागा सापडली की तो वीर्याची एक बारीक कुपी जमिनीला उभी चिकटवतो आणि मादीला ओढून तिच्यावर आणतो. पेटीत नुसती भुसभुशीत माती किंवा काथ्याचा भुसा असेल तर कुपी उभीच राहत नाही आणि सगळा खेळ फुकट जातो. कित्येकांची पैदास एवढ्याशा कारणाने फसते. म्हणून जाणते लोक पेटीत एखादा चपटा दगड किंवा झाडाची साल ठेवतात.

मादी भुकेली असेल तर ती नरालाच खाते. म्हणून आधी तिला पोटभर किडे घालायचे आणि काम झाले की नराला लगेच वेगळे करायचे.

दुसरी अडचण: लांबलचक गाभणपण

विंचू अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देतो. आपल्या इंगळीच्या आणि सम्राट विंचवाच्या कुळात तर प्रत्येक गर्भ आईच्या पोटात आपापल्या कप्प्यात वाढतो आणि नळीसारख्या भागातून तोंडाने पोषण ओढून घेतो. आचळाला लागलेले वासरूच म्हणा, फक्त पोटाच्या आत.

याला वेळ किती लागतो? कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू निघते एकवीस दिवसांत. शेळी विते पाच महिन्यांत. म्हशीला दहा महिने दहा दिवस लागतात. बोटभर मापाच्या विंचवाला आठवडे लागत असतील असे वाटेल. पण सम्राट विंचवाची मादी सात ते नऊ महिने गाभण असते आणि कधी कधी वर्षाच्याही घरात जाते. गारठा, उपासमार, वारंवार हाताळणे यांनी हा काळ आणखी लांबतो किंवा वेत वायाच जाते.

यातच एक फसवणूक दडलेली आहे. रानातून पकडलेली मादी बहुधा आधीच गाभण असते. पेटीत तिने पिल्ले दिली की मालकाला वाटते आपल्याला पैदास जमली, आणि विकणाराही ती 'घरची पैदास' म्हणून खपवतो. मी त्या मुलालाही हेच सांगितले, "बाबा, तुझी मादी बांधावरूनच गाभण आली होती. तू फक्त बाळंतपण पाहिलेस."

तिसरी अडचण: बाळंतपण

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण म्हणतो. ती म्हण डोळ्यांनी पाहून केलेली आहे. जन्मलेली पिल्ले पांढरी, मऊ, भाताच्या शितासारखी असतात. ती एकेक करून आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते तीन आठवडे, तिथेच राहतात. या काळात ती काही खात नाहीत. पोटातून आणलेल्या शिदोरीवर जगतात.

आपल्याकडे समज असा, की पिल्ले आईची पाठ फोडून बाहेर येतात किंवा आईलाच खाऊन टाकतात. हे खरे नाही. दगडाखाली विंचवाची फुटलेली रिकामी कात सापडते, ती पाहून हा समज झाला असावा. खरे उलटे आहे. पिल्ले आईला खात नाहीत, पण आई पिल्लांना खाऊ शकते.

ती असे का करते? दुष्टपणाने नाही. उजेड, हादरा, तहान, लपायला जागा नसणे, दुसरा विंचू जवळ असणे, यातले काही झाले की तिला धोका वाटतो. रानात ती अशा वेळी बिळात शिरते. पेटीत बीळ नाही. मग जी पिल्ले वाचणार नाहीत ती पोटात परत जातात. नवी व्यालेली कुत्री किंवा डुकरीण घाबरली तर काय करते हे तुम्ही पाहिलेलेच आहे.

मी मुलाला विचारले, "बरणी कुठे ठेवली होतीस?" तो म्हणाला, "ओट्यावर. गावातली माणसे बघायला येत होती. झाकण काढून दाखवत होतो." "पाणी?" "नाही घातले." "बाकीच्या दोन इंगळ्या?" "त्यातच होत्या."

आता पिल्ले गेली ती आईनेच खाल्ली की त्या दोघींनी, हे कोण सांगणार?

जाणते लोक गाभण मादीला आधीच वेगळी करतात, अंधाऱ्या ऊबदार कोपऱ्यात ठेवतात, लपायला सालपट देतात, उथळ झाकणात पाणी ठेवतात आणि व्याल्यावर कित्येक दिवस पेटीला हातसुद्धा लावत नाहीत.

चौथी अडचण: कात

पाठीवरून उतरली म्हणजे पिल्ले जगली असेही नाही. विंचवाचे अंग टणक कवचात असते. वाढायचे तर जुने कवच टाकावे लागते. वयात येईपर्यंत विंचू साधारण पाच-सात वेळा कात टाकतो आणि प्रत्येक वेळ जिवावरची असते. हवा कोरडी असली तर कात अंगाला चिकटून बसते, पाय अडकतात आणि पिल्लू मरते. म्हणून पाणी जास्त मारावे, तर पेटीत बुरशी आणि बारीक कोळी किडे होतात आणि त्यांनीही मरते. सम्राट विंचवाला पंचवीस ते तीस अंश ऊब आणि भरपूर ओलावा लागतो, पण हवाही खेळती हवी. रोपवाटिकेत मर लागू न देता रोपे वाढवणे जितके नाजूक, तितकेच हे.

कात टाकल्यावर पिल्लू काही काळ लोण्यासारखे मऊ असते. तेवढ्यात भावंडाच्या तावडीत सापडले तर संपले. म्हणून पुष्कळ जण पिल्ले वेगवेगळ्या डब्यांत वाढवतात. वीस पिल्ले म्हणजे वीस डबे. प्रत्येकाला त्याच्या मापाचे जिवंत किडे लागतात. म्हणजे विंचवाच्या आधी झुरळांची आणि रातकिड्यांची पैदास करायची. आणि हे सारे काही महिने नव्हे, तर मोठ्या जातीचा विंचू वयात यायला दीड-दोन ते चार वर्षे लागतात तोवर.

आता हिशेब मांडू

कागदावर दीड वर्षात कमाई लिहिली होती. त्या मुलाने आणि मी पेन घेऊन हिशेब केला. तुम्हीही करून पाहा.

दहा माद्या धरू. नशिबाने सगळ्याच फळल्या असे होत नाही, पाच धरू. वर्षाने प्रत्येकीला पंधरा पिल्ले, म्हणजे पंच्याहत्तर. पन्नास जगून मोठी झाली असे समजू. हे फार उदारपणे धरले. म्हणजे आजपासून तीन-चार वर्षांनी हातात पन्नास विंचू.

आता विष. एका विंचवाकडून एका वेळी मिळणारे सुके विष मिलिग्रॅममध्ये मोजतात, आणि कित्येक जातींत ते एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. आपण पूर्ण एक मिलिग्रॅम धरू. पन्नास विंचवांचे वर्षातून वीस वेळा विष काढले तर वर्षाअखेर जमेल एक ग्रॅम. चिमूटभर मीठ भरते तेवढे.

ते घेणार कोण? विंचवाच्या विषाचा औषधाला उपयोग आहे, हे खोटे नाही. मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी घोड्यांना अल्प मात्रेत विष टोचून विंचूदंशावरचे प्रतिविष बनवले गेले आहे. मेंदूतल्या गाठींच्या संशोधनातही एका विंचवाच्या विषातला घटक वापरला गेला. पण ही कामे परवाना असलेल्या प्रयोगशाळांची. कोणत्या जातीचे विष, कसे काढले, कसे सुकवले, किती शुद्ध, याचा दाखला नसेल तर लोणच्याच्या बरणीतले विष कोणतीही औषधसंस्था दारात घेणार नाही.

मग तो कागदवाला पिल्ले परत का घेणार होता? दुसऱ्या गावात 'जोडी' म्हणून विकायला. हा खेळ आपण आधी पाहिला आहे. इमूपालनाचा डोलारा २०१२ च्या सुमारास कोसळला. कडकनाथ कोंबडीच्या करारांत २०१९ साली आपल्या सांगली-कोल्हापूर भागातली किती घरे पोळली. कडकनाथ कोंबडी वाईट नाही, इमूही वाईट नव्हता. वाईट होता तो करार, ज्यात विकणाराच खरेदीदार होता आणि शेवटी खाणारा किंवा वापरणारा कुठे दिसत नव्हता. पाकिस्तानातल्या सिंधमध्येही काही वर्षांपूर्वी मोठ्या काळ्या विंचवाला लाखांचा भाव येतो अशी हवा उठली आणि गावेच्या गावे दगड उलथत फिरली.

एक खूण लक्षात ठेवा: माल शेवटी कोणाच्या पोटात, अंगावर किंवा औषधात जातो हे विकणाऱ्याला सांगता आले नाही, तर त्या धंद्यात पैसा घालू नका.

आणखी एक गोष्ट. परदेशी विंचू कोणी विकायला आला तर अधिकच सावध राहा. २०२२ साली दुरुस्त झालेल्या वन्यजीव कायद्यात आंतरराष्ट्रीय करारातल्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आहे आणि असे प्राणी बाळगण्याची नोंद करावी लागते. रानातला कोणताही जीव पकडून विकण्याआधी वनखात्याला विचारावे.

हीच विद्या उलटी वापरा

विंचू पेटीत वाढत नाही म्हणून तो घरातही वाढणार नाही, असे समजू नका. ब्राझीलमध्ये एक पिवळा विंचू आहे. त्याची मादी नराशिवायच पिल्ले देते आणि झुरळांनी भरलेल्या गटारांच्या आधाराने तो शहराशहरांत पसरला आहे. आपल्यासाठीही धडा तोच. अंधार, फट, थोडी ओल आणि झुरळे, एवढे मिळाले की विंचवाचे बिऱ्हाड बसते.

तेव्हा पाळणारा जे जे देतो, ते ते आपण काढून घ्यायचे. भिंतीच्या भेगा मातीने किंवा सिमेंटने लिंपा. गोवऱ्या, सरपण, कौले, विटा यांची रास घराच्या भिंतीला टेकून रचू नका. झुरळे कमी करा. अंथरूण झटकून झोपा, चपला-बूट आपटून घाला. सरपण काढताना बाई-माणसांनी हात घालण्याआधी काठीने हलवावे. अल्ट्राव्हायोलेट किरणांचा छोटा टॉर्च मिळतो, त्याच्या उजेडात विंचू अंधारात हिरवट चमकतो. रात्री अंगण तपासायला तो फार उपयोगी.

आपल्याकडे खरा धोका मोठ्या काळ्या इंगळीचा नाही, तर लहानशा तांबड्या विंचवाचा आहे. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात तो सर्रास आढळतो. ढोबळ खूण अशी: चिमटे जाड आणि नांगी बारीक तो कमी विषारी, चिमटे बारीक आणि नांगी जाड तो जास्त विषारी. पण खूण पाहत बसू नका. विंचू चावून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, धाप लागली तर एक मिनिट न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. लहान मुलाला चावला तर लक्षणांची वाटसुद्धा पाहू नका. करकचून बांधणे, चिरणे, मंत्र, पाला यांत वेळ जातो आणि वेळ गेला की जीव जातो.

महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला. ज्या दंशाने कोकणात माणसे डोळ्यांदेखत जात होती, तिथे रुग्ण चालत घरी जाऊ लागले. पुढे प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिले तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो, हेही त्यांनी दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोळी डॉक्टरनेच द्यायची असते, घरी आणून ठेवायची नाही.

आणि एवढे सांगूनही म्हणतो, बांधावरच्या दगडाखालच्या इंगळीला उगीच मारू नका. ती रातकिडे आणि झुरळे खाते. तिला वर्षभर पोटात वागवून वीसेक पिल्ले होतात आणि त्यातली मोजकीच मोठी होतात. ती तिच्या जागी बरी, आपण आपल्या जागी.

त्या दिवशी मुलगा हिशेबाचा कागद घडी करून खिशात घालून गेला. दिवाळीनंतर बाप भेटला. इंगळ्या आणि उरलेली पिल्ले मुलाने गावापासून लांब, डोंगराकडेच्या ताली खाली सोडली होती. "म्हशी?" मी विचारले. "धाकटी गाभण आहे," तो म्हणाला, "माघात विईल." एवढे बोलून तो दुधाची किटली घेऊन डेअरीकडे निघाला.